गंधर्व, गाढव आणि राजकन्येचा होकार

चैत्र पालवू लागला की घोडनदीपासून भीमेपर्यंतच्या टापूत यात्रांचे दिवस सुरू होतात. शिरूर तालुक्यातील गावकारभारी शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन तमाशाची सुपारी देतात. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यात उतरणारा रस्ता जिथे पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो, त्या चौफुल्याला संगीत बारीची कलाकेंद्रे गजबजलेली असतात. या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बारीत गाणे असते, अदा असते, कथा नसते. ढोलकी फडाच्या तमाशात मात्र गण, गवळण आणि बतावणी आटोपून रात्र चढली की वग उभा राहतो, आणि वग म्हणजे कथाच. बाजारपेठेतील व्यापारी घरांनी यात्रेची वर्गणी आनंदाने दिली, तंबूत बसणे मात्र त्यांतील अनेकांनी टाळले. त्यामुळे मराठी लोकरंगभूमीवरील एक अतिशय घट्ट विणीची कथा या घरांना बहुधा केवळ नावाने ठाऊक राहिली. ती कथा म्हणजे 'गाढवाचं लग्न'.

हरिभाऊ वडगावकरांचे हे वगनाट्य पुणे जिल्ह्याच्याच मातीतले म्हणावे लागेल, कारण ज्यांच्या नावाशी ते कायमचे जोडले गेले ते दादू इंदुरीकर मावळातील इंदुरीचे. सावळ्या कुंभाराची भूमिका त्यांनी अशी केली की संहिता कोणती आणि उत्स्फूर्त भर कोणती हे सांगणे कठीण व्हावे. प्रभा शिवणेकर त्यांची गंगी होत. पुढे प्रकाश आणि जयमाला इनामदार यांनी हेच नाट्य गावोगाव नेले, आणि २००७ साली मकरंद अनासपुरे यांच्या चित्रपटातून ते तंबूबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. इतका दीर्घ प्रवास केवळ विनोदी संवादांच्या बळावर होत नाही. कथेचा सांगाडाच भक्कम असावा लागतो.

सांगाडा असा. इंद्राच्या दरबारात एक गंधर्व अप्सरेशी अतिप्रसंग करतो. इंद्र संतापून त्याला शाप देतो की तू पृथ्वीवर गाढव होऊन ओझी वाहशील. गयावया केल्यावर उःशाप मिळतो: राजकन्येशी लग्न झाले की सुटका. मग दृश्य एकदम स्वर्गातून कुंभारवाड्यात येते. सावळ्या कुंभार आणि गंगी यांचे खटके उडत असतात, दारात गाढव बांधलेले असते, आणि ते गाढव एके दिवशी मनुष्यवाणीने बोलू लागते व राजकन्येचा हात मागते. बिचारा सावळ्या आपल्या गाढवासाठी मागणी घालायला दरबारात जातो. राजा अशक्य वाटणारी अट घालतो, गाढवाच्या अंगच्या दैवी सामर्थ्याने ती पुरी होते, आणि शब्दात अडकलेल्या राजाला लग्न लावून द्यावे लागते. लग्न लागते, कातडे गळते, गंधर्व प्रकट होतो.

बाईलवेडा नायक, अद्भुताचा हस्तक्षेप, विनोदाच्या अंगाने झालेली शिक्षा आणि शेवटी विवाह: आज ज्याला पडद्यावर अलौकिक प्रेम-विनोद म्हणतात त्याचे सगळे घटक इथे आहेत. पण रचनेतील खरी चतुराई वेगळीच आहे. ज्याने अपराध केला तो नायक कथेच्या मध्यभागातून जवळजवळ बाहेर काढला आहे. तो दारात खुंटीला बांधलेला आहे. रंगमंच सावळ्याला आणि गंगीला दिला आहे. प्रेक्षक हसतो ते गाढवाला पाहून क्वचितच. त्याला हसू येते ते राजासमोर उभ्या राहिलेल्या कुंभाराच्या भोळ्या धिटाईला, दरबाऱ्यांच्या दिमाखाला आणि घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणाला. स्त्रीच्या मागे धावणाऱ्या पुरुषाला त्याच्या गोष्टीतला नायकपणाच नाकारायचा, ही शिक्षा शापाहून कडक आहे. एरवी असा नायक असलेल्या कथांचा पहिला अर्धा भाग त्याच्या चाळ्यांवर खर्च होतो आणि प्रेक्षक नकळत त्या चाळ्यांचाच आस्वाद घेतो. वगकाराने तो मोह एका दरबारी प्रवेशात उरकून टाकला.

इथेच या रचनेतील खिंडारही दिसते. गंधर्व बदलला तो नेमका कशाने? ओझे वाहिल्याने, असे म्हणता येईल. ज्याला सगळे फुकट मिळत होते त्याला श्रम कळले. पण त्याची परीक्षा कुठेच होत नाही. ज्या दरबारात तो घसरला त्या दरबारात तीच अप्सरा पुन्हा समोर उभी आहे आणि आता तो मान खाली घालून बाजूला होतो, असा प्रवेश वगात नाही. उःशापाची अट त्याने काय शिकावे याविषयी नाहीच. त्याला काय मिळावे याविषयी आहे. आणि जे मिळायचे ती एक मुलगी आहे. कथेच्या पारंपरिक सांगाड्यात तिचा होकार कोणी विचारत नाही. राजाचा शब्द गेला, म्हणून मुलगी गेली.

हे पुराणातले वानगे म्हणून सोडून द्यावे असे नाही. परिचय मेळाव्यांच्या आणि बायोडाटांच्या काळातही व्यापारी घरांत एक वाक्य दबक्या आवाजात बोलले जाते: मुलगा थोडा वाहवला आहे, लग्न झाले की मार्गी लागेल. पेढी चांगली, घराणे चांगले, मध्यस्थ ओळखीचा, आणि मुलाच्या आधीच्या भानगडींविषयी मुलीच्या बापाला अर्धेच कळलेले. हे वाक्य म्हणजे इंद्राचा उःशापच. त्यात सुधारणेची जबाबदारी मुलाच्या खांद्यावरून उचलून येणाऱ्या सुनेच्या ओंजळीत ठेवलेली असते. उधारीवर माल देताना जो व्यापारी तीन ठिकाणी चौकशी करतो, तो या एका व्यवहारात गाढवाच्या कातड्याखाली गंधर्वच असेल हे कशावरून गृहीत धरतो, हे कोडेच आहे.

सुधारलेल्या विलासी पुरुषाची दुसरी कथा या मासिकाच्या वाचकांना चातुर्मासातील व्याख्यानांतून लहानपणापासून ठाऊक आहे. मात्र तिच्याकडे रचना म्हणून फारसे पाहिले जात नाही. पाटलिपुत्राच्या नंदराजाचा मंत्री शकटाल, त्याचा मुलगा स्थूलभद्र. कोशा गणिकेच्या घरी त्याने बारा वर्षे काढली. पित्याच्या मृत्यूनंतर मंत्रिपद चालून आले असता ते नाकारून त्याने संभूतविजयांकडे दीक्षा घेतली. सामान्य कथाकार इथेच थांबला असता. हेमचंद्राचार्यांच्या 'परिशिष्टपर्वा'त आलेली ही कथा मात्र इथून पुढे खरी सुरू होते. चातुर्मासासाठी एक मुनी सिंहाच्या गुहेशी राहण्याची अनुज्ञा मागतो; आणखी कोणी सर्पाच्या बिळाशी, कोणी विहिरीच्या काठावर. स्थूलभद्र मागतो ते कोशाच्या चित्रशाळेत राहण्याची. तेच घर, तीच स्त्री, तेच षड्रस भोजन. वगात जो प्रवेश गाळला गेला तो इथे कथेचा कणा झाला आहे.

आणि कथाकाराला विनोदाचेही वावडे नाही. स्थूलभद्राची गुरूंनी अधिक प्रशंसा केली म्हणून सिंहगुहेचा मुनी मनात जळतो आणि पुढल्या वर्षी स्वतः कोशाकडे जातो. पहिल्याच भेटीत तो ढळतो. कोशा त्याला सांगते, नेपाळचा राजा रत्नकंबल देतो, ते आणून दे. हा बाबा पावसाळ्यात, चातुर्मासाचा नियम मोडून, नेपाळला जातो, वाटेत चोरांच्या तडाख्यातून कसाबसा सुटतो आणि कंबल आणून तिच्यापुढे ठेवतो. ती ते गटारात फेकून देते. तो हळहळतो, एवढे मोलाचे वस्त्र चिखलात टाकलेस! कोशा उत्तरते ते एवढेच की कंबलासाठी हळहळतोस, आणि याहून मोलाचे जे स्वतःच चिखलात टाकायला निघालास त्याचे काय? इथे अद्भुत नाही, शाप नाही, देवदूत नाही. पुरुषाला ताळ्यावर आणणारी स्त्री बक्षीस म्हणून त्याच्या पदरात पडत नाही. ती स्वतः श्राविका झालेली आहे आणि कथेत तिची बुद्धी सर्वांत लख्ख आहे. ही प्रेमकथा नव्हे, हे खरे. तरीही सुधारणेचा पुरावा रंगमंचावर कसा दाखवावा याचा याहून नेटका नमुना सापडणे कठीण.

पडद्यावरील कथांनी पुढे दोन वेगळे मार्ग काढले. एक देणगीचा. २००० साली आलेल्या 'व्हॉट विमेन वाँट' या अमेरिकी चित्रपटात विजेचा धक्का बसून एका रंगेल जाहिरातवाल्याला स्त्रियांच्या मनातले ऐकू येऊ लागते. केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' या २००४ सालच्या चित्रपटात हीच कल्पना मराठी घरात आली. संजय नार्वेकर यांचा नायक रंगेल नाही, तो घरीदारी सगळ्या बायकांना वैतागलेला साधा माणूस आहे, आणि मनातले ऐकण्याची शक्ती त्याला देवीकृपेने मिळते. हा बदल लहान वाटतो, पण त्याने विनोदाची जातकुळीच पालटली. लंपट माणसाला मने कळली तर तो आधी त्यांचा फायदाच उठवणार. वैतागलेल्या माणसाला ती कळली तर तो आधी घाबरतो आणि मग ऐकू लागतो. दुसरा मार्ग भुतांचा. चार्ल्स डिकन्सने १८४३ साली एका कंजूष सावकाराला नाताळच्या रात्री भूत, वर्तमान आणि भविष्य दाखवणारे आत्मे भेटवले. २००९ च्या 'घोस्ट्स ऑफ गर्लफ्रेंड्स पास्ट'ने त्या कंजुषाच्या जागी बाईलवेडा छायाचित्रकार ठेवला आणि धाकट्या भावाच्या लग्नघरात त्याला जुन्या प्रेमिकांचे हिशेब दाखवले. कल्पना उत्तम, निर्वाह बेताचा. कंजुषाने पैसे वाटले की भरपाई होते. मोडलेल्या मनांची भरपाई त्यांतल्या एकीशी पुन्हा जुळवून घेऊन कशी होणार, या प्रश्नावरून तो चित्रपट घाईने पुढे सरकतो.

तरी आत्म्यांच्या त्या मार्गात वगाला न साधलेले एक काम होते: ज्यांना दुखावले त्यांचे चेहरे नायकाला पाहावे लागतात. 'गाढवाचं लग्न'मधील अप्सरा पहिल्या प्रवेशानंतर कथेतून नाहीशी होते. गंगी आणि राजकन्या तिच्याविषयी कधी बोलतही नाहीत. एखाद्या फडाने आज हा वग नव्याने बसवायचे ठरवले, तर फार मोडतोड करावी लागणार नाही. कातडे गळण्यापूर्वी गाढव आणि राजकन्या यांचा एक प्रवेश, ज्यात गाढव आपला गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगते आणि ती हो किंवा नाही म्हणते, एवढा पुरेल. गंगीला त्या प्रवेशात मध्ये बसवले तर हशाही हुकणार नाही.

गाढव आणि लंपट पुरुष यांची ही जोडी वगकाराने नव्याने जुळवलेली नाही. विक्रमादित्याच्या जन्माशी जोडलेल्या जुन्या दंतकथेत गंधर्वसेन इंद्राच्या शापाने गाढव होतो आणि राजकन्येशी लग्न करतो. कालकाचार्य कथेत उज्जयिनीचा राजा आहे गर्दभिल्ल. तो साध्वी सरस्वतीचे अपहरण करतो आणि त्याच्यापाशी गर्दभी विद्या आहे, जिच्या रेकण्याने शत्रू गारद होतात. कालकाचार्य शकांना घेऊन येतात, धनुर्धर त्या गर्दभीचे तोंड बाणांनी भरतात, साध्वी सुटते. इथे नायकाची सुधारणा नाही आणि हसूही नाही. दोन्हीकडे विक्रमादित्याचा पिता, दोन्हीकडे गाढव. एकाच आठवणीला लोककथेने एक आणि धर्मकथेने दुसरा सूर लावला असावा.

गंधर्वसेनाच्या दंतकथेचा शेवट मात्र वगात आलेला नाही, आणि तो मुद्दाम पाहण्याजोगा आहे. दिवसा गाढव असलेला जावई रात्री कातडे उतरवून देखणा पुरुष होतो, हे राजाच्या घरी कळते. ते कातडे जाळले जाते. शाप संपतो. वग याच जल्लोषात, हलगी-ढोलकीच्या कडकडाटात संपतो. दंतकथेत शाप संपल्यावर गंधर्वाला पृथ्वीवर राहण्याचे कारणच उरत नाही. तो स्वर्गाला निघून जातो, आणि पोटात मूल असलेली राजकन्या राखेपाशी एकटी उरते.