वाचता न येणारे दप्तर

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा संसारांबरोबर दुकानांतल्या वह्या, दप्तरे आणि संगणकही चिखलात गेले. अशा आपत्तीनंतर ‘एक प्रत दुसरीकडे ठेवा’ असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच, परंतु तो अर्धा आहे. ती प्रत उघडणारे सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालणार नसेल, तर ती असून नसल्यासारखीच.

मराठीपुरता हा प्रश्न अधिक बिकट आहे. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून यंत्रात ‘जिस्ट’ कार्ड बसवीत. ते बसविण्याची खाच आजच्या यंत्रांत नाही. पुढे विंडोजवर फाँट आले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले होते आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी होती. तो विशिष्ट फाँट नसला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मोडी वाचणारे आज थोडे आहेत हे खरे, पण तो कागद निदान डोळ्यांना दिसतो आणि लिपी शिकता येते. इथे शिकण्याजोगेही काही उरत नाही.

कार्यप्रणाली बदलणाऱ्या कंपन्यांवर सारा दोष ढकलणे सोपे आहे. जुने सारे अखंड चालू ठेवणे खर्चाचे असते आणि सुरक्षिततेलाही बाधक ठरते, हे मान्य केले पाहिजे. डॉसचे कार्यक्रम ३२ बिटांच्या विंडोजवर चालू शकत, ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाहीत. आणि विंडोज ११ तर ६४ बिटांचीच आहे. म्हणून एखाद्या कार्यालयात कोपऱ्यात जुने यंत्र जपून ठेवलेले दिसले, तर त्या कारकुनाला हसण्याचे कारण नाही. नव्या संगणकाबरोबर टेबलखुर्चीची तरतूद होते, जुन्या फायली नव्या रूपात आणण्याची होत नाही. तेव्हा त्याने करावे तरी काय? तथापि ही केवळ मुदतवाढ आहे. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली.

खरा उपाय सॉफ्टवेअर जगविण्यात नसून मजकूर युनिकोडमध्ये आणण्यात आहे. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच स्थान मिळाले होते. रूपांतराची साधने मिळतात, मात्र ती डोळे मिटून वापरण्याजोगी नाहीत. ‘बिरवाडी’तील ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटांत ‘ब’च्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर. ‘तुर्भे खुर्द’मधले दोन्ही रफार असेच जागा बदलतात. महाड तालुक्यातले बिरवाडी काय किंवा पोलादपूर तालुक्यातले तुर्भे खुर्द काय, गावाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात चुकले, तर ती चूक दाखल्याबरोबर विद्यार्थ्याच्या मागे लागते. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहणारा माणूस हवा आणि त्या श्रमाचा मोबदलाही हवा. हा खर्च नव्या यंत्राच्या खरेदीतच धरला जावा, असा आग्रह शिक्षक व कर्मचारी संघटनांनी धरण्यास हरकत नाही.

हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. १९९५ च्या सुमारास पंचविशीत असताना या फायली टंकलिखित करणारे कारकून आज पंचावन्न ओलांडून गेले आहेत. कोणती फाइल कोणत्या फाँटात आहे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. आणि राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ आहे.