महाविद्यालयाचे रंगभवन कसे असावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमांनाही श्रेयांक मिळू लागले असून त्यांत प्रयोगीय कलांचा समावेश आहे. नाटक, संगीत व नृत्य ही आता केवळ स्नेहसंमेलनापुरती हौस राहिलेली नाही. ज्या सदरमध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० पासून विद्यादान करीत आहे, तेथील पालकांनी व संस्थाचालकांनी या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करावयास हवा. महाविद्यालयाने या कलांसाठी वास्तू उभारायची, तर ती कशी असावी?

आपल्याकडे बहुधा एकच 'बहुउद्देशीय' सभागृह बांधले जाते. तेथेच परीक्षा होतात, तेथेच बॅडमिंटन आणि तेथेच नाटक. उघड्या भिंती व फरशी यांवरून आवाज पुन्हापुन्हा परावर्तित होतो आणि मागील रांगेतील प्रेक्षकाला संवाद समजत नाही. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात १८९५ च्या सुमारास उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून प्रयोग केले आणि घुमण्याचे गणित मांडले. गद्य संवादाला सुमारे एक सेकंदाचे घुमणे पुरते, समूहगायनाला त्याहून अधिक लागते. महामंदिरात गायनवृंदाचे सूर भारावून टाकतात, पण भरभर केलेले वाचन मात्र अस्पष्ट होते, याचे कारण हेच. म्हणून भिंतींवर सरकते जाड पडदे असावेत. नाटकाला ते ओढावेत, गायनाला बाजूला सारावेत.

नागपूरच्या हवामानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि कूलरच्या घरघरीत नटाचा आवाज बुडून जातो. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की प्रयोग थांबवावा लागतो. त्यात सदरमधील रहदारीची भर. छताला उष्णतारोधक थर, यंत्रे सभागृहाबाहेर आणि रस्त्याच्या बाजूस जिने किंवा कोठारे, ही काळजी आराखड्यातच घेतली पाहिजे. बांधून झाल्यावर ती महाग पडते.

आसनसंख्या मोठी असण्यात भूषण नाही. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात १९८० साली उघडलेले टाटा थिएटर सुमारे हजार आसनांचे आहे, तर तेथील प्रायोगिक नाट्यगृह सुमारे तीनशेच प्रेक्षकांचे असून त्याची आसने हलवता येतात. महाविद्यालयाला दुसरा आदर्श अधिक मानवतो. त्याहून निकडीची गोष्ट पडद्यामागची आहे. मुलींसाठी स्वतंत्र रंगपटगृह व स्वच्छतागृह, दोन्ही बाजूंना पुरेशा विंगा, नेपथ्य ठेवण्यास कोठार आणि रोजच्या सरावासाठी एक निवांत खोली हवी. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार प्रेक्षागृहापाशीच संपू नये, तो रंगमंचापर्यंत जावा. दिव्यांग विद्यार्थी केवळ प्रेक्षक का असावा?

सुरक्षिततेत काटकसर नको. कोल्हापुरातील १९१५ सालचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले, ही जखम ताजी आहे. पडदे, लाकूड आणि तापलेले दिवे जेथे एकत्र असतात, तेथे अग्निरोधक कापड, तपासलेल्या वीजवाहिन्या आणि बाहेर उघडणारी, कधीही कुलूप न लागणारी दारे अनिवार्य आहेत.

यावर कोणी म्हणेल, सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह असताना हा खर्च कशाला? आक्षेप रास्त आहे. इमारतीचा भार शुल्कात उतरला, तर गरीब घरातील विद्यार्थीच प्रथम बाहेर पडेल. मात्र भाड्याचे सभागृह प्रयोगाच्या दिवशी मिळते. कला घडते ती त्याआधीच्या अनेक संध्याकाळी. तेव्हा संस्थांनी टप्प्याटप्प्याने जावे. आधी सरावाची खोली, मग छोटे रंगभवन. आणि ते उभे राहिल्यावर उत्पन्नासाठी लग्नसमारंभांना देताना विद्यार्थ्यांच्या तालमीचे दिवस राखून ठेवावेत. वास्तूचे मोल उद्घाटनाच्या शिलालेखावरून ठरत नाही. तेथे दिवा किती संध्याकाळी लागतो, यावरून आपण ते ठरवावे.