पैसा थेट आला, ठराव कुणाचा?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकणातून घाट चढून आपल्यावर आलं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घरांची कौलं-पत्रे उडाले आणि ऐन हंगामात हिरडा झडून मातीत गेला. वरून करोनाची टाळेबंदी, मजुरी बंद. ज्या बाळहिरड्यावर आपलं मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या निघतात तोच गेला. पंचनामे झाले. हिरड्याची भरपाई मात्र वर्षानुवर्षं रखडली.

हा पैसा कोणत्या वाटेनं येतो ते बघा. राज्याच्या आपत्ती निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. तो मंत्रालय, कलेक्टर, तहसील अशा पायऱ्या उतरतो. कोणत्या नुकसानीला किती द्यायचं ते वरचा कागद ठरवतो. हिरडा तिथंच अडला. ग्रामसभेला कुणी विचारलं नाही.

दुसरी वाट आहे थेट निधीची. पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१-२६) अनुदान दिल्लीहून आलं की राज्यानं ते १० कामकाजाच्या दिवसांत पुढं सोडायचं, उशीर केला तर व्याजासकट. आपल्याकडं त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला मिळतात. ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले, ४० टक्के मोकळे. शिवाय पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी. तो राज्याचा, २०१५ च्या शासन निर्णयानं सुरू झालेला. वनहक्क आणि जंगलावरची उपजीविका हे विषय त्यात स्पष्ट लिहिलेत.

अमेरिकेतही मार्च २०२१ च्या करोना मदत कायद्यात तिथल्या आदिवासी जमातींच्या सरकारांना २० अब्ज डॉलर थेट दिले, मधे राज्य नाही. तिथले आदिवासी काही सुखात नाहीत. पण संकटात आपला खर्च आपण ठरवायचा, एवढं तरी मान्य झालं. आपल्याला हे पटायला लांब जायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली, ते बाहेर कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळं. डोंगरात काय पडलं ते तालुक्याला उशिरा दिसतं.

भरपाईची मागणी सोडायची नाही. ते सरकारचं देणं आहे, ग्रामपंचायतीच्या पैशातून ते फेडून घेऊ नका. पण वाडीची फुटलेली पाण्याची लाईन, अंगणवाडीचं छप्पर, हिरडा वाळवायला पक्का ओटा आणि शेड, ही कामं थेट निधीतून मागता येतात. मागतो का आपण?

इथं आपलंही चुकतं. ग्रामसभा कोरम नसताना उरकते. वहीवर आधी सह्या, मग ठराव. सरपंच बाई असली तर तिच्या सहीचं डोंगल भलत्याच्या खिशात. आराखड्यात गटार आणि पेव्हर ब्लॉक येतात, ठाकरवाडीचं नाव येत नाही. दिल्लीपासून गावापर्यंत थेट आलेला पैसा शेवटच्या दोन किलोमीटरला ठेकेदाराकडं वळतो, हे आपण बघत बसतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा आणि दोन्ही खात्यांची पासबुकं वाचायला लावा. त्याआधी वाडीवाडीची बैठक घेऊन वादळात काय मोडलं आणि अजून काय तसंच पडलंय त्याची यादी करा. बायकांनी आपली कामं वेगळी लिहून आणावीत. ठरावाची नक्कल त्याच दिवशी मागा आणि एक प्रत आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात गाववार छापू.