गोल करून बसवलं म्हणजे समता आली?

कॉलेजच्या वर्गात हल्ली 'खुली चर्चा' नावाचा एक प्रकार चालतो. बाकं सरकवून गोल करतात. मास्तर म्हणतात, बोला, इथं सगळे समान. मग सवर्ण पोरं आरक्षणावर तोंड सोडतात आणि आपली पोरं फरशीकडं बघत बसतात. तास संपला की 'किती मोकळं बोललो आपण' म्हणत सगळे चहाला. ह्याला मी चर्चा म्हणत नाही. हा पंचनामा, आणि त्यात प्रेत आपलं.

दोस्तांनो, ही गोल बसायची कल्पना अमेरिकेतून आली म्हणून सांगतात. येऊ द्या. पण अर्धीच का आणली? तिथं वर्णद्वेषाविरुद्ध वर्गात बोलायची जागा कुणा प्रोफेसरानं दयाबुद्धीनं दिलेली नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात जॉर्ज मरे नावाचा ब्लॅक पँथर इंग्रजी शिकवायचा. त्याला निलंबित केलं. ६ नोव्हेंबर १९६८ ला काळ्या विद्यार्थ्यांची युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट संपावर गेली. मेक्सिकन, चिनी, फिलिपिनो पोरं बरोबर उतरली. पोलिसांच्या काठ्या बसल्या, शेकडो अटका झाल्या. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली, तेव्हा त्यांच्या लोकांचा इतिहास शिकवणारा स्वतंत्र विभाग पदरात पडला. म्हंजे आधी संप, मग संवाद. इथले विद्वान संवाद तेवढा आयात करतात, संप कस्टममध्येच सोडून येतात.

त्याच ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे तुम्हाला सांगायला नको. पण पुढचं ऐका. ते कॉलेज आज ज्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत मोडतं, तिनं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. का घालावा लागला? तर आपला सवर्ण सातासमुद्रापार गेला तो जात ट्रंकेत घालूनच गेला, आणि तिथल्या दलित पोरापोरींनी ती ट्रंक चारचौघांत उघडली. हाच शब्द सगळ्या राज्याच्या कायद्यात घालायचं बिल ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनं सहीविना परत पाठवलं. लढाई संपलेली नाही.

आता वर्गात बोलायचं काय? ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात, भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्या गोऱ्या वर्गापुढं त्यांनी अंगावरचे वळ उघडे करून दाखवले नाहीत. जात जन्मते कशी, टिकते कशी ते उकलून दाखवलं. लग्न जातीतच कोंडायचं, त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, असं सगळं यंत्र सुटं करून टेबलावर मांडलं. म्हणून मला म्हणायचंय, 'तुला काय भोगावं लागलं ते सांग' असं मास्तरांनी विचारलं तर सरळ नाही म्हणा. आमचं दुःख तुमच्या तासाची करमणूक नाय. उलट प्रश्न फिरवा. तुझ्या ताईचं लग्न कसं जमलं रे? भाड्याची खोली देताना तुझे वडील आडनाव का विचारतात? मॅनेजमेंट कोट्यातल्याला कुणी मार्क विचारले का? बोलू द्या त्यांना. घाम त्यांना फुटू द्या.

पण नुसते प्रश्न फिरवून भागत नाही. गोदीत आमच्या टोळीत जातीवरून उघड बोलणं होतं, भांडण होतं, एकदा तर हातघाईवर आलं. पण टोळीचा दर एक. वाद घातला म्हणून मुकादम कुणाची मजुरी कापू शकत नाही. म्हणून बोलता येतं. कॉलेजात इंटर्नलचे मार्क कुणाच्या हातात? गाईड कोण? हॉस्टेलची खोली कोण काढून घेतं? हैदराबादला रोहित वेमुला आणि त्याचे चार साथी बोलत होते, संघटना करत होते. त्यांना हॉस्टेलबाहेर काढलं. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत, ह्याच शहरात, डॉक्टर पायल तडवी गेली. भेदभाव रोखायचे यूजीसीचे नियम २०१२ पासून होते. ते राबवा, एवढं सांगायला ह्या दोन लेकरांच्या आयांना २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली.

तेव्हा चर्चेला बोलावणं आलं की आधी अटी घाला. बोललेल्याचे मार्क दुसरा परीक्षक तपासेल. तक्रार ऐकणाऱ्या समितीत आपली माणसं असतील, आणि त्यांची नावं नोटीस बोर्डावर लागतील. सुरुवात सवर्ण पोरं करतील, स्वतःच्या घरापासून. मास्तरसुद्धा. 'वातावरण बिघडतं' म्हणाले तर विचारा, चांगलं होतं कधी?

पुढच्या अंकाची चार पानं ह्यासाठी ठेवली आहेत. तुमच्या वर्गात अटी घातल्यावर काय झालं ते लिहून पाठवा. नाव नको असेल तर घालणार नाही. शुद्धलेखनाची काळजी करू नका, मीही मॅट्रिकच आहे.