ससाण्याचा मालक कोण?

परवा बैठकीत एक जुने कार्यकर्ते तापले. म्हणाले, "मोबाईलमधलं पाखरू गेलं म्हणून रडणारी पोरं तुम्ही! तुम्ही कसली क्रांती करणार?" सगळे हसले. मी पण हसलो. पण रात्रपाळीला गोदीत उभा राहिलो तसं ते हसू घशात अडकलं. कारण ते रडणारं पोरगं मी होतो.

तर सांगूनच टाकतो.

२०२०. लॉकडाऊन. गाव शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर. मॅट्रिक होऊन घरी बसलेलो. हाताला काम नाही. चुलतभावाचा फोन रात्री माझ्या हातात यायचा. त्यावर पबजी. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, बंदुका हुडकतात, शेवटी उरेल तो जिंकला. चौघांची टोळी करून खेळायचं. टोळीत असलं की गोळी लागल्यावर माणूस लगेच मरत नाही. खाली पडतो, रांगतो. तेवढ्यात टोळीतला कुणी जवळ येऊन बसला तर तो पुन्हा उभा राहतो. त्याला दहा सेकंद लागतात. दहा सेकंद एक अनोळखी माणूस तुझ्यासाठी उघड्यावर बसून राहतो, गोळी खायच्या तयारीनं.

गड्यांनो, माय-बाप सोडून माझ्यासाठी दहा सेकंद कोण थांबलं होतं?

टोळीत एक जण होता. मला रोज तोच उठवायचा. महिनाभर. मी त्याला दादा म्हणायचो. एका रात्री आम्ही जिंकलो आणि त्या खुशीत त्यानं विचारलं, "भावा, तुझं आडनाव काय रे?" मी सांगितलं. तो गप्प झाला. दुसऱ्या रात्री टोळीतली माझी जागा भरलेली होती. शिवी दिली नाही कुणी. तेवढी तसदी पण घेतली नाही.

मग उरला ससाणा. त्या खेळात असं एक पाखरू मिळतं. सोबत राहतं, अंगावर येऊन बसतं. लढाईत त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला खाऊ घालायचा, मग ते मोठं होतं. मी ते विकत घेतलं मायच्या खुरपणीच्या मजुरीतले पैसे उचलून. तिला कळलं. मारलं नाही तिनं. म्हणाली, "कुठं हाय ते पाखरू? दाखीव." दाखवलं. बघत बसली. मग एवढंच विचारलं, "काय खातंय ते?"

तिच्या त्या प्रश्नानं मी मेलो. आणि तरी ससाणा सोडला नाही. कारण त्यानं आडनाव विचारलं नव्हतं.

पुढं चुलतभावाला पैशाची नड आली, फोन विकला. खातं त्याच फोनवरचं, माझ्या नावाचं काही नव्हतंच. ससाणा गेला. मी घरामागं जाऊन रडलो. अठरा वर्षांचा घोडा. रडलो.

आता हसा.

पण हसायच्या आधी हे ऐका. १९९६ साली जपानच्या बांदाई कंपनीनं तामागोची नावाचं अंड्याएवढं खेळणं काढलं. आत चार ठिपक्यांचं पिल्लू. ते पीप-पीप करायचं, भूक लागली म्हणायचं, घाण करायचं. लक्ष दिलं नाही तर मरायचं. जगभर पोरं त्याच्यासाठी रडली. २०१८ साली रेड डेड रिडेम्प्शन २ नावाचा अमेरिकन खेळ आला. त्यात घोडा आहे. त्याला चारायचं, खरारा करायचा, मानेवर थोपटायचं, तसतशी जवळीक पायरी-पायरीनं वाढते. शेवटी घोडा गोळी लागून पडतो आणि नायक त्याच्याजवळ बसून त्याचे आभार मानतो. तिथं दाढी-मिशावाले बाप्ये रडले.

यात जादू काय आहे? काही नाही. ज्याला आपण हातानं खाऊ घालतो त्याच्यावर आपला जीव जडतो. ते खरं असो, लाकडाचं असो, ठिपक्यांचं असो. कंपन्यांना हे ठाऊक आहे. म्हणून त्या पाखराला भूक देतात. पाखराची भूक म्हंजे कंपनीचा गल्ला.

माझा आजा हे शाळा न शिकता जाणत होता.

आजा सालगडी. पाडव्याला सालाला लागायचा, पुढच्या पाडव्याला सुटायचा, म्हंजे पुन्हा लागायचा. मालकाची देवणी बैलजोडी त्याच्या हाताखाली. आमच्या शेजारच्या देवणीची जात ती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. आजा त्यांना धुवायचा, वैरण करायचा, गोमाशा वारायचा. खांदेमळणीला त्यांचे खांदे हळद-तुपानं आजाच चोळायचा. पोळ्याच्या दिवशी बैल सजून मालकाच्या वाड्यात जायचे. पुरणपोळीचा घास त्यांना वाड्याच्या अंगणात. आजा वाड्याबाहेर. बैलाचा विटाळ नाही, बैल राखणाऱ्याचा विटाळ!

बहात्तरच्या दुष्काळात मालकानं ती जोडी हाळीच्या बाजारात विकली. आजाला विचारलं नाही. विचारायचं कारणच काय? दावं हातात देऊन सांगितलं, बाजारापर्यंत हाकत ने. आजानं नेली. येताना मोकळं दावं खांद्यावर टाकून रडत आला. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. तेव्हा आजाला कुणी हसत नाही.

मग मला का हसता?

बैल खरा होता, ससाणा खोटा होता, असं म्हणाल. मान्य. बैलानं आजाचा हात चाटला, ससाणा चाटणार नाही. पण जीव लावणारा दोन्हीकडं खरा होता. आणि दोन्हीकडं एक गोष्ट सारखी होती: जीव आमचा, मालकी दुसऱ्याची.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यात पबजी होतं. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळणाऱ्यांसाठी ते पुरतं बंद झालं. २०२१ मध्ये तेच नवं नाव घेऊन परत आलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा काढलं गेलं, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आलं. चीन आणि भारताचं भांडण. त्यात देशभरच्या पोरांच्या टोळ्या, पाखरं, दोस्त कधी गोठले, कधी उठले. कुणी विचारलं? हाळीचा बाजारच हा, फक्त दावं दिसत नाही. असल्या खेळांच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचा कधी. पैसे मोजून घेतलेली वस्तू तुमची नसते, फक्त वापरायची परवानगी तुमची असते. म्हंजे आपण सालगडीच. फरक एवढाच, की आजाला सालाचे पैसे मिळायचे आणि आपण उलटे देतो.

आता पुण्याचं बघा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये राजी नावाचा खेळ काढला. नायिका राजी, कसरतीचे खेळ करून जगणारी पोरगी. असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती त्याला सोडवायला निघते आणि तिच्या हातात शस्त्र देतात देव-देवता. मी हा खेळ दोस्ताच्या कॉम्प्युटरवर बघितला. पोरीवर जीव जडला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर मी लहानपणी पाहिलीय. तीच आठवली. पण त्या पोरीला कुठल्या देवीनं शस्त्र दिलं नाही. तिला पोलीसपाटलानं हुसकलं. गोष्ट त्यांनी लिहिली, म्हणून शस्त्र देवाकडून आलं. आपण लिहिली असती तर कुठून आलं असतं?

इथं माझं म्हणणं आहे. रडण्याची लाज धरू नका. रडू हे राशनचं धान्य नाही, इथं सांडलं की तिथं कमी पडेल असं. पाखरासाठी रडलेलं पोरगं माणसासाठी पण रडतं. जुन्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, पोरांना हसू नका. त्यांना विचारा, तुला तिथं काय मिळालं जे आपल्या वस्तीत, आपल्या बैठकीत मिळालं नाही? उत्तर ऐकायला जड जाईल. त्याला दहा सेकंद थांबणारं कुणी मिळालं. भले खोटं.

आणि पोरांनो, तुम्हाला पण सांगतो. दावं कुणाच्या हातात आहे ते बघून जीव लावा. मायच्या मजुरीला हात लावायच्या आधी तिचा प्रश्न आठवा, काय खातंय ते? ज्यांचं डोकं चालतं त्यांनी खेळणं सोडून खेळ बनवायला शिका. चार जण बसा. आज्याचा बैल करा, दोरीवरची पोर करा. शस्त्र तिचं तिला हुडकू द्या.

गोदीत पण आम्ही टोळीनंच काम करतो. मागच्या उन्हाळ्यात टोळीतला एक जण भोवळ येऊन धक्क्यावर पडला. मुकादम ओरडत होता, काम थांबवू नका. आम्ही तिघं त्याच्याजवळ बसलो. दहा सेकंद नाही, पाऊण तास. पाणी मारलं, सावली धरली. तो उठला. तिघांचा अर्धा रोज कापला गेला.

त्याचं आडनाव मला अजून माहीत नाही.