चौदाव्या दिवशी वजन घ्या

अंगणवाडीत लेकरांची वजनं महिन्यातून एकदा होतात. समजा, पाच तारखेला वजन झालं आणि आठला हगवण लागली. चार-पाच दिवसांत लेकरू पार वाळून जातं, पण नोंदीत पुढच्या पाच तारखेपर्यंत ते 'साधारण'च राहतं. पावसाळ्यात कुपोषण या फटीतून आत शिरतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत तर ही फट आणखी रुंद. वर सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांना दवाखाना लांब, खाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट. त्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे निंदणाचे दिवस. रोज बुडवून आई दवाखान्यात कशी बसणार? लेकरू आजीजवळ, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर, हातात बिस्किटाचा पुडा.

आजीचा सल्लाही ठरलेला: "पोट बिघडलं हाय, खायाले काही देऊ नको." अंगावरचं दूधही कधीकधी तोडतात. मग खासगी दवाखान्यात "सलाईन लावा डॉक्टर" म्हणून आग्रह. आशाताईने फुकट दिलेलं ओआरएसचं पाकीट घरात तसंच पडून. झिंकची गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, अशी 14 दिवस द्यायची असते; त्याने पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की उरलेली पट्टी फडताळात जाते. आजारातून उठलेल्या लेकराला किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं लागतं, हे तर त्या घरात कुणी सांगितलेलंच नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातली 25 हून अधिक मुलं उंचीच्या मानाने कृश आहेत. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं. त्यांच्या नावाने राज्याने 2005 मध्ये माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं. नावं ठेवण्यात आपलं सरकार कधी कमी पडत नाही. घोडं अडतं ते खात्यांत. वजन महिला व बालविकासच्या मोबाईलमध्ये, जुलाब आणि न्यूमोनिया आरोग्य खात्याच्या रजिस्टरमध्ये. लेकरू एकच, पण या दोन नोंदी एकमेकींना भेटत नाहीत.

यासाठी नवी योजना नको. झिंक सुरू केल्याच्या दिवशीच आशाताईने अंगणवाडी सेविकेला नाव कळवावं. चौदाव्या दिवशी, गोळ्या संपतात तेव्हा, त्या लेकराचं वजन घ्यावं आणि दंडाला पट्टी लावावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावं. जिल्हा परिषदेत दोन्ही खात्यांचे अधिकारी बसतातच. एक संयुक्त पत्रक पावसाळ्याआधी काढायला त्यांना कुणाची परवानगी लागत नसावी.