रोषणाई : शब्द कोणाचा?

दिवाळी असो, गणेशोत्सव असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, 'रोषणाई' हा शब्द आपल्या तोंडी येतोच. अलीकडे त्याच्या जागी 'लायटिंग' येऊ लागले आहे. त्याबद्दल हळहळ व्यक्त करावी, तर भाषाशुद्धीचा एखादा पुरस्कर्ता विचारतो, "रोषणाई तरी कुठे आपली? तीही फारसीच ना?"

प्रश्न रास्त आहे. फारसीत 'रोशन' म्हणजे प्रकाशमान आणि 'रोशनाई' म्हणजे प्रकाश. शिवछत्रपतींच्या काळातील राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही मराठीत फारसीचा भरणा एवढा उरला, की माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोशच सिद्ध केला. शिवाय फारसी 'रोशन' आणि संस्कृत 'रुच्' म्हणजे प्रकाशणे, हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फुटवे आहेत. आपली 'रुची' ही रोषणाईची दूरची बहीणच! मराठीने 'श'चा 'ष' केला खरा, पण रागाच्या 'रोषा'शी तिचा काही संबंध नाही.

मात्र कुळापेक्षा मला शब्दाचे वर्तन महत्त्वाचे वाटते. हिंदी-उर्दूत 'रोशनाई' म्हणजे लिहिण्याची शाई. काळ्या द्रवाला उजेडाचे नाव! आपण काळेपणा सांगणाऱ्या 'सियाही'वरून 'शाई' घेतली आणि रोषणाई सणासमारंभासाठी राखून ठेवली. अभ्यासाला बसताना आपण दिवा लावतो, रोषणाई करीत नाही. देवापुढे तेवणारी समई हीदेखील रोषणाई नव्हे. पुष्कळ दिवे, आनंदाचे निमित्त आणि पाहायला चार माणसे, एवढे जमले की रोषणाई होते. तेला-वातीचे दिवे जाऊन विजेच्या माळा आल्या, तरी हा अर्थ टिकला. 'विद्युत रोषणाई' या जोडशब्दात तर संस्कृत आणि फारसी गुण्यागोविंदाने नांदतात.

'लायटिंग' म्हटले की तारा, माळा आणि भाडे डोळ्यांसमोर येते. उत्सवाचा भाव त्याला अजून चिकटलेला नाही. उद्या चिकटला, तर त्यालाही आपल्या पंगतीत पान मांडू. परंतु एक शब्द घरातला होऊन इतकी वर्षे राबत असताना त्याला निष्कारण निरोप का द्यावा? शब्दाच्या जन्मगावाची चौकशी जरूर करावी, पण त्याचे घरातले स्थान त्याच्या कामावरून ठरवावे. आपल्या पुढच्या संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर मला 'रोषणाई' वाचायला आवडेल.